चार फूट दहा इंच

चौऱ्याहत्तरच्या सुमारास सोलापुरातल्या आमच्या फुटबॉल क्लबात वाढणं हा गुन्हा होता. पोरांच्या स्पर्धा वयावर नाही, उंचीवर चालायच्या. चार फूट दहा इंचांवर आडवी काठी बांधलेली असायची. तिच्याखालून ताठ चालत गेलात तर खेळाडू, डोकं लागलं तर घरी. मोठ्या पोरांसाठी क्लबाकडे संघच नव्हता.

आमचा सेंटर फॉरवर्ड विणकराचा मुलगा. त्यानं मारलेला चेंडू मंगळवेढ्याच्या ज्वारीत सापडायचा, हे मी शपथेवर सांगतो. त्या उन्हाळ्यात तो वाढायला लागला. आमचे सर म्हणाले, "भाकरी कमी खा की रे! स्पर्धेची ढाल पाहिजे का नको?" त्यानं खरंच रात्रीची भाकरी सोडली. शिवाय उंची दबावी म्हणून डोक्यावर वीट घेऊन बसायचा. आम्ही हसून लोळायचो.

मोजणीच्या दिवशी काठी त्याच्या टाळूला लागली.

"सर, वाईच गुडघं वाकवतो की."

"न्हाय जमायचं बाळा. लई वाढलास."

क्लबाचे बूट त्याच्या पायातून काढून सरांनी माझ्या हातात दिले. मी चेंडूला मारण्याऐवजी चेंडूच मला मारायचा, पण माझी उंची चार फूट सहा. बुटात कापूस कोंबून मी आणखी दोन वर्षं खेळलो. तो त्याच महिन्यात बापाशेजारी मागावर बसला. पुढं त्याच्या गल्लीतून जायची वेळ आली, की मी लांबचा रस्ता धरायचो.