स्वच्छ तिकिटांचा अल्बम

विल्फ कॉनरायच्या अल्बममध्ये घाण खपत नसे. ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेलच्या साखर कारखान्यात उभा जन्म बॉयलरपुढं काढलेला हा माणूस, पण तिकिटांच्या बाबतीत भलता सोवळा. टपालाचा शिक्का कोपऱ्यात हलकासा उमटला असेल, तरच तिकीट पानावर चढायचं. ठसठशीत काळा शिक्का बसला असेल, तर शनिवारी क्लबात ते देऊन, वर चार पैसे टाकून, तसंच दुसरं स्वच्छ तिकीट घ्यायचं. सगळे शौकीन तेच करतात.

लेक आयरिस समुद्रापलीकडच्या पापुआच्या एका मास्तराशी लग्न करून तिकडं निघून गेली, तेव्हा विल्फ म्हणाला, "माझ्या लेखी ती मेली." पत्रं मात्र येत राहिली. टपालपेटीची किल्ली त्याच्याकडं. आधी तिकीट कापून घ्यायचा आणि मग पत्र न उघडताच चुलीत. बायको, मर्ल, रडायची, भांडायची. पण हा ढिम्म. राग लेकीवर, तिकिटानं काय घोडं मारलं होतं? सात वर्षांनी पत्रंही थांबली.

आता डॉक्टरांनी मर्लला महिन्याची मुदत दिली होती.

"विल्फ, आयरिसला बोलावून घे. एकदा डोळे भरून बघू दे मला."

"पत्ता कुठाय?"

"तिकिटं आहेत ना तुझी? शिक्क्यावर गावाचं नाव असतं, तूच सांगायचास."

तो भिंग घेऊन बसला. पापुआचे रंगीत पक्षी रांगेनं बसलेले, एकजात स्वच्छ. त्यातलं एकही आयरिसचं नव्हतं. तिच्या गावचा पोस्टमास्तर शिक्का दणकून मारायचा, आणि विल्फनं एक-एक करून ती सगळी बदलून टाकली होती. गावाचं नाव त्यानं कधी वाचलंच नव्हतं.

तिकिटं बदलून देणाऱ्या क्लबातल्या क्लेमकडं तो धावला.

"ती घाणेरडी तिकिटं?" क्लेम हसला. "अरे बाबा, ती किलोवर विकली केव्हाच! आज कसा उमाळा आला त्यांचा?"

विल्फ तसाच माघारी फिरला.

घरी मर्ल उशीला टेकून वाट बघत होती. "मिळालं गाव?"

"शिक्के फिकट आहेत गं. वाचता येत नाहीत."

"बरं, तिनं लावलेलं एखादं दाखव तरी."

विल्फनं एका पक्ष्यावर बोट ठेवलं. "हे."

"जिभेनं ओलं करून चिकटवलं असेल," मर्ल म्हणाली. "कितीदा रागवायची मी तिला." आणि कुणा परक्याच्या पत्रावरचं ते तिकीट तिनं ओठांना लावलं.