स्वप्नात गेलेला माणूस
दवाखान्याच्या दारात फुलवालीकडची शेवंती दरवळली आणि मला मखमलाबादचा तो मळा आठवला. नव्वदीच्या दशकात मी मानसशास्त्र शिकत होते आणि अभ्यासासाठी लोकांना त्यांची स्वप्नं विचारत फिरायचे. त्या सकाळी मळ्यातल्या काकू ओल्या गोणपाटावर बसून बाजारासाठी शेवंती निवडत होत्या, आणि आजारी काका ओसरीवर खाटेवर पडून होते. मी स्वप्नाचं विचारताच काकू त्यांनाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "रात्री सपनात हे गेले. लय रडले मी." काका हसले. "म्हंजी वाढलं माझं आयुष्य." स्वप्नात मेलेल्याचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. निघताना त्यांची सून बांधापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, ते लिहून घेऊ नका. आत्याबाई रातभर मामांच्या उशाशी जाग्याच असतात, सपान कुठून पडंल? मामांनाबी ठाव हाय. तरी या रोज सांगतात नि ते रोज हसतात." मी ते लिहिलं नाही. आज वर खोलीत गेले, तर यांना ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं होतं. रात्रभर बाकावर जागून तारवटलेले डोळे पुसत मी म्हटलं, "अहो, रात्री स्वप्नात तुम्ही गेलात." हे माझ्या डोळ्यांकडे बघून हसले.