परक्यांच्या कोपी

परवापर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. येळवशीला मला रजा मिळत नाही, असं मी वर्षानुवर्षं घरी सांगत आलो. रजा मिळत होती. दर साली मिळत होती.

मी जर्मनीच्या दक्षिणेला एका लहान गावात राहतो आणि गिअर बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. नाताळाच्या आधीपासून नवं वर्ष लागून जाईपर्यंत आमचा कारखाना बंद असतो. कारखानाच कशाला, सगळा मुलूख कुलूप लावून घरात बसतो. आणि आमची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, कधी अलीकडे कधी पलीकडे, त्याच दिवसांच्या आसपास पडते. लातूर-नांदेडकडच्या माणसाला येळवस सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. त्या दिवशी गाव ओस आणि शेतं भरलेली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक छोटी झोपडी करायची, तिला आम्ही कोप म्हणतो. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. नवरा-बायकोनं जोडीनं बसून पूजा करायची. मग भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यातली ताकाची आंबील. वाटेनं कुणी परका चालला असला तरी त्याला हाताला धरून आणायचं आणि पंगतीला बसवायचं.

मी देश सोडला तोही येळवस करूनच. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. वर्षा आणि मी पहिल्यांदाच कोपीत जोडीनं बसलो, आणि दोनच दिवसांनी चाकूरच्या स्टँडवर हैदराबादच्या एसटीची वाट बघत उभे होतो. माझा धाकटा भाऊ शिवा बॅगा टपावर चढवत होता. "दादा, पांडव बी भरून चाललास का रे? उचलना गेलंय," असं तो ओरडला आणि स्टँडवरची चार माणसं हसली. माय वर्षाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबत होती. आमचे वडील, आप्पा, अशा वेळी गप्प असतात. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीजवळ आले. "दिवाळीला न्हाई आलास तरी चालंल," म्हणाले, "येळवशीला येत जा." मायनं मागून पुस्ती जोडली, "दोघं येत जावा."

दोन-तीन वर्षं आलो दोघं. मग वर्षा सोडून गेली. मोठं भांडण नव्हतं. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली, आधी दर आठवड्याला यायची, मग महिन्याला, मग एके दिवशी वकिलाचे कागद आले आणि मी सही केली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. माझ्यासोबत एका घरात राहायचं म्हणजे बंद रेडिओसोबत राहायचं, असं ती म्हणाली होती, आणि ते खरं होतं. घरी मी हे फोनवर सांगितलं. माय म्हणाली, "जेवलास का?"

त्या साली डिसेंबरात शिवानं विचारलं, "येऊलालास का?" मी म्हणालो, रजा नाही. तोंडातून निघून गेलं. पुढच्या साली तेच उत्तर तयार होतं. खरं कारण इतकंच, की आमच्या शेतात त्या दिवशी अर्धं गाव जेवायला असतं, आणि थोरला मुलगा आल्यावर पूजेला तोच जोडीनं बसायचा, आणि माझ्या शेजारी कुणी नाही हे सगळ्यांना दिसतं. मायनं एकदा म्हणून बघितलं, "एकट्यानं आलास तरी चालतंय." मला नाही चाललं.

त्या पहिल्या खोट्या डिसेंबरात मी घरात बसून कंटाळलो आणि आगगाडीनं म्युनिकला गेलो. थंडी फार होती. एका मोठ्या संग्रहालयाचं दार उघडं दिसलं म्हणून ऊब घ्यायला आत शिरलो. कलेशी माझा संबंध शाळेतल्या चित्रकलेच्या तासापुरताच. तळघरात अंधारी दालनं होती आणि काचांमागे दिवे लावून ख्रिस्तजन्माचे देखावे मांडलेले होते. इटलीतला एक देखावा तर आख्खा बाजारच होता. बोटाएवढी टरबुजं, कोळ्याच्या पाटीतले मासे, गळ्याला गाठ आलेली म्हातारी, भांडणाऱ्या दोन बाया. या गर्दीत देवाचं कुटुंब कुठं आहे ते शोधावं लागत होतं. एका कोपऱ्यात एक मेंढपाळ गाढ झोपला होता. जगात एवढं काय काय चाललंय आणि त्याला पत्ताच नाही. त्याच्यासमोर मी खूप वेळ उभा राहिलो.

पुढच्या काचेत डोंगराकडच्या कुणा शेतकऱ्यानं केलेला साधा देखावा होता. काड्यांची झोपडी, वर गवताचं छप्पर. आत बैल, गाढव, गव्हाणीत मूल, आणि दोन्ही बाजूंना एक बाई आणि एक पुरुष. जोडीनं बसलेली. मी पुढं झालो. थोड्या वेळानं तिथली राखणदार बाई जवळ आली आणि हलक्या आवाजात विचारलं, "पाय दुखतायत का तुमचे?" मला कळेना. तिनं खाली बोट दाखवलं. मी बूट काढून बाजूला नीट लावून ठेवले होते आणि मोज्यांवर उभा होतो. कधी काढले ते मलाच आठवत नव्हतं. कोपीसमोर चपला घालून कुणी उभं राहत नाही, हे तिला जर्मनमध्ये कसं सांगावं ते मला सुचलं नाही. "हो, नवे आहेत," एवढंच म्हणालो.

तेव्हापासून मी हेच करत आलो. डिसेंबरची रजा घ्यायची आणि देखावे बघत हिंडायचं. पोलंडमधल्या क्राकोव्हला चमकत्या कागदाचे, मनोऱ्यांचे देखावे पाहिले. त्यात गोठा नाही, राजवाडाच असतो. फ्रान्सच्या दक्षिणेकडे मातीची रंगवलेली माणसं मिळतात, त्यात धार लावणारा असतो, लसूण विकणारी असते, आमच्या आठवडी बाजारातलेच लोक. जुन्या बाजारात एकदा सुक्या भोपळ्याच्या आत बसवलेलं पेरू देशातलं कुटुंब मिळालं. त्यातल्या जोसेफच्या, बाळाच्या बापाच्या, डोक्यावर लोकरीची टोपी. हळूहळू नजर तयार झाली. लाकूड कोरणाऱ्यानं चाकू कुठं थांबवला, आईच्या हाताची बोटं सुटी कोरली की एकत्र सोडली, हे बघायची मला खरोखर गोडी लागली. तिथं बोलावं लागत नाही, आणि बघणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुमच्यासोबत कोण आहे. पण संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत नवा देखावा टेबलावर मांडून बसलो की शेतातली हाळी कानात यायची. आंबीलीचं मडकं डोक्यावर घेऊन लोक कोपीभोवती फिरतात आणि ओरडतात, "ओलगे, ओलगे, सालम पोलगे!" त्याचा नीट अर्थ आमच्यात कुणालाच सांगता येत नाही, कानडीतून आलंय म्हणतात. ते ओरडायला मात्र एकटा माणूस पुरत नाही.

गावी मी जायचो ते मे महिन्यात. तेव्हा शेतं नांगरून पडलेली असतात, कोपीचा विषय निघत नाही. अशाच एका मे महिन्यात मी एक लाकडी संच घरी नेला. का नेला, सांगता येत नाही. ओसरीत सतरंजीवर मांडला. आप्पांनी चष्मा लावला आणि पहिली खोड काढली, "कोप बरी घातलीय. पर दार उत्तरंला केलंय येड्यानं." त्यांनी ती उचलून पूर्वेला फिरवली. शिवा म्हणाला, "गाढव बी हाय की! दादा, तुझी जागा ठेवलीय बग." त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली.

मायनं तीन राजे हातात घेतले. "हे कोण?"

"लांबून आलेले पाहुणे," मी म्हणालो. "राजे आहेत. बाळाला बघायला आलेत."

"मग भाईर का उभं केलास? जेवले का न्हाईत ते?"

असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातही वाचलं नव्हतं. मायनं तिघांना एकेक करून आत बसवलं, बैलाला जरा सरकवलं. आत दाटी झाली. तिला ती पसंत पडली. मग तिनं सहज विचारलं, कुठं मिळतंय हे, कधी मिळतंय. आणि मी रंगात येऊन सांगत गेलो. नाताळाचा बाजार कसा भरतो, सुट्टीत लोक कसे लांबून येतात, मी कसा रेल्वेनं गेलो आणि दोन दिवस त्या गावात राहून हा निवडून आणला. माय मान हलवत ऐकत होती.

माय गेली त्याला आता दुसरं वर्ष आहे. फोन आला तेव्हा निघालो, पण पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दहा दिवस राहिलो आणि परतलो. त्या साली सुतकामुळं कोप घातली नाही.

यंदा दसऱ्यानंतर आप्पांचा फोन आला. आप्पा स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरलोच. ते म्हणाले, "शिवा इचारूलालाय, कोप घालावी का न्हाई मनून."

"घाला की, आप्पा. शिवा आणि त्याची बायको बसतील."

"ते बसतेत. इतके साल बसलेच की." मग म्हणाले, "पर यंदा मला बी बसायचंय. मी बी आता एकटाच हाव. जोडीबगर कसं बसावं, मला समजना गेलंय. तू ये. आपण दोघं बसूत. लोकं काय मनायचंय ते मनू दे." आणि पुढं, "तू न्हाई आलास तर ऱ्हाऊ दे. न्हाई घालत यंदा. अन् मग पुढं बी न्हाई." आणि मला अवघड जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच वाट करून दिली, "रजा मिळंल का बग."

इतकी वर्षं तयार असलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "आप्पा, रजा असते मला. दर साली होती."

पलीकडे कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती, तिचा आवाज येत राहिला. "हाव," आप्पा म्हणाले. "म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या मायनं. ते लाकडाचे देव आणलास त्याच दिशी. तूच मनलास की, सुट्टीत गेलतो, दोन दिवस राह्यलो मनून. मला मनली, त्याला इचारू नका. इचारलं तर मे मधी बी यायचा न्हाई."

एवढं सांगून आप्पा म्हणाले, "तिकीट काढ," आणि फोन ठेवला.

तिकीट काढलं आहे. येळवशीच्या आधी पोचतो. कडब्याची पेंढी कशी बांधतात ते मी विसरलो आहे, शिवा त्यावरून मला सोडणार नाही. घर म्हणजे काय, असं माझ्यासारखे देश सोडून गेलेले लोक एकमेकांना फार विचारतात. मी इतकी वर्षं समजत होतो की जिथं आपल्याला कुणी काही विचारत नाही, अशी जागा मला परदेशात, संग्रहालयाच्या तळघरात सापडली. ती गावाकडेही होती. माझी माय ती जागा जिवापाड सांभाळत होती, आणि तिच्या पंगतीला न बसता मी परक्यांच्या कोपी बघत हिंडलो.

आप्पांच्या शेजारी बसणं माझ्याकडे बाकी आहे. ते यंदा होईल. मायला तिच्या हयातीत एकदा खरं सांगणं मी देणं लागत होतो. ते दिलं नाही, आणि ते अजून माझ्या अंगावर आहे.