बिनकटाचा कोट

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की रंगनाथनाना आधी म्हणायचे, "पावणं, पाठ फिरवा." नाव-गाव, कापड, लग्नाची तारीख हे सगळं नंतर. गळ्यात टेप अडकवून ते त्या पाठीकडे बराच वेळ बघत राहायचे. "मानूस तोंडानं खोटं बोलंल, पाठीनं न्हाई बोलत," असं त्यांचं म्हणणं.

पेठला रस्त्याकडेला त्यांचं शिलाईचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ यांत एकच भिंत होती. नाना शर्ट-पँटीही शिवत, पण त्यांचा जीव कोटात. आणि कोट शिवायचा तो मागून बिनकटाचा. कोटाच्या पाठीला खालून जी चीर ठेवतात, तिचा त्यांना मनापासून राग. "कट ठेवला की मागं पडदा लावल्यागत दिसतं राव. वाऱ्यानं हाललं की समदी शोभा गेली."

त्यांच्याशी वाद घालायची हिंमत एकाच माणसात होती. त्यांची मुलगी सारिका. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून ती या दुकानातच वाढली. लग्न मोडून परत आली, ती दुसऱ्या मशिनवर बसली. बाही लावण्यात तिचा हात नानांपेक्षा सफाईदार होता. हे नाना मला सांगत. तिला कधी सांगितलं नाही.

एकदा लोणीचा एक नवरदेव मोबाइलमध्ये फोटो घेऊन आला. "नाना, मागं कट पायजे. बिनकटाचं आता जुनं झालं."

"कोन म्हनलं जुनं झालं?" नाना तापले. "उभं ऱ्हा. बघ आरशात. पाठ कशी एकसंध दिसती!"

"उभा कुठवर ऱ्हाईल त्यो?" सारिका मशिनवरूनच म्हणाली. "खुर्चीत बसला की कोट मानंला येतोय. पोटापाशी गोळा व्हतोय."

"नवरदेवानं बसायचं कशाला?"

"मग जेवायचं बी उभ्यानंच का, नाना?"

मग मला हाक. "फोटूवाले, तुमी सांगा. बिनकटाचा कोट आजून शोभतो का न्हाई?"

मी शेकडो लग्नांचे फोटो काढले होते. खरं सांगितलं, "उभ्या माणसाला आजही शोभतो. बसलेल्याला नाही." दोघंही माझ्यावर रुसले. दुपारी मात्र दोघांनी मिळून माझ्यासाठी चहा पाठवला.

तीन वर्षांपूर्वी तुळशीचं लग्न लागलं आणि कोटांची घाई सुरू झाली. सारिकाला ताप आला. नाना म्हणाले, "एवढ्या तीन कोटांच्या बाह्या लावून दे, मग जाऊ दवाखान्यात." ती दोन दिवस डोक्याला रुमाल बांधून बसली. भिंतीपलीकडून मशिनचा आवाज येत होता. मीही काम चाललंय एवढंच समजलो. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीतून उठेना. डेंग्यू निघाला. मंचरहून पुण्याला नेली. चौथ्या रात्री गेली. चौतीस वर्षांची होती.

तेराव्यानंतर नानांनी दुकान उघडलं. तिसरा कोट अर्धवट होता, अस्तर टाचायचं राहिलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. कोट पालथा घालून ते बसले होते. पाठीच्या मधल्या शिवणीत आत दोन बोटं जास्तीचं कापड होतं, नीट दुमडून, कच्चा टाका घालून ठेवलेलं.

"हे कशाला ठेवलं आसंल?" त्यांनी विचारलं. पण त्यांना कळलं होतं. तेवढं कापड आत असलं की शिवण उसवून मागाहून कट काढता येतो.

त्यांनी उरलेले दोन्ही कोट हँगरवरून काढले, अस्तर उसवलं. दोन्हींत तसंच. "किती वर्सं करत व्हती, फोटूवाले?"

मला माहीत होतं. बसताना अडलं तर नाना नसताना या, असं ती गिऱ्हाइकांना हळूच सांगायची. मी मान खाली घातली.

त्या अर्धवट कोटाचा मालक आला तेव्हा नाना शिवण उसवत होते. तो पोरगा अवघडला. "नाना, ऱ्हाऊ द्या. हाय तसा नेतो मी."

"न्हाई. तिनं तुझ्यासाठी ठेवलंय त्ये."

आयुष्यभर न काढलेला कट त्यांनी काढला, इस्त्री फिरवली, कोट त्याच्या अंगात घातला. पाठ फिरवायला सांगितली नाही. स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाले, "बस." तो बसला. कोट दोन्ही अंगांनी अलगद खाली उतरला, कुठं चुणी नाही.

"बराबर व्हती," नाना म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. पोरगा कोट घालून तसाच बसून राहिला. उठावं की नाही हे त्याला कळेना.

त्यानंतर त्यांनी कोट शिवला नाही. वर्षभरात दुकान बंद करून ते अवसरीला बहिणीकडं राहायला गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा ओसरीत बसले होते. जेवण तुटलं होतं. बहीण सांगत होती, हे रोज तेच घोकतात, मीच तिला बसवली म्हणतात.

मी त्यांचा हात धरला. "नाना, तुमची काही चूक नव्हती. ताप कुणाला कळतो?"

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. फक्त म्हणाले, "समदे हेच सांगत्यात. तुमी तरी नगा सांगू. तिचं शेवटचं बोलनं माझ्याशी झालं. 'व्हय नाना, लावते' म्हनली. माझी चूक नव्हती म्हनलं, तर त्ये बी माझं ऱ्हात न्हाई."

दीड महिन्यानं नाना गेले. जमलेली माणसं म्हणत होती, "सुटले बिचारे." मी तेवढंही म्हणू शकलो नाही.