पास झालेला डावा हात

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी नर्स होते, पण तिथे बीपी मोजणं हे माझ्यापेक्षा सगळ्या खात्याचंच काम होतं. वार्षिक तपासणीत कोणाचा आकडा वर गेला की बाकीचे तो खाली आणायला धावायचे. एक लिंबू पिळायचा, एक पाठ चोळायचा, एक बजावायचा की सासूचा विचार आत्ता करू नकोस.

क्रेन चालवणारे मामा त्या दिवशी उजव्या हातावर एकशे ऐंशी निघाले. मी 'अनफिट' लिहिलं की क्रेन बंद, आणि रिटायर होईपर्यंत गेटवर खुर्ची टाकून बसायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. मग काय, सुरू झाला तमाशा. मामांना आडवं केलं, बूट काढले, पंखा वळवला. वेल्डरनं जोक सांगायला घेतला आणि शेवटच विसरला, तर आकडा आणखी पाचनं चढला. सगळ्यांना हाकलायचं सोडून मी मामांच्या मानेखाली उशी सारत होते. अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे.

शेवटी कोणीतरी म्हणालं, सिस्टर, डावा हात बघा की. बघितला, तर एकशे अठ्ठावीस. खोलीत टाळ्या पडल्या. मामांनी स्वतःच्याच डाव्या हाताला नमस्कार केला. मीही हसत हसत 'फिट' लिहिलं, शिक्का उचलला, आणि तसाच परत ठेवला. दोन हातांत एवढा फरक म्हणजे कमी आकड्याच्या हाताची रक्तवाहिनी वर कुठेतरी तुंबलेली. हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

डाव्या मनगटाची नाडी चाचपली, ती धड लागेना. कागद फाडला आणि अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. मामा खवळले. पोटावर पाय दिलास म्हणाले, आणि अख्ख्या शिफ्टनं माना डोलावल्या.

खांद्याकडची रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली, हृदयाच्याही दोन. बायपास झाली.

काही महिन्यांनी मामा गेटवर रुजू झाले. माझ्यावर अजून फुगलेलेच होते. बीपी बघायला आले आणि सवयीनं डावा हात पुढे केला. मी उजवा मागितला. त्यांनी डावा उलटून बघितला.

"सिस्टर, पास झाला तोच आजारी होता ना हो?"

"हो मामा. आणि पास मीच केला होता."