जिराफ कसा आणला

साखऱ्याला साखऱ्या हे नाव त्याच्या सासूनं दिलं, आणि सासवा उगाच नावं ठेवत नाहीत. हा बास्केटबॉल संघाचा मॅनेजर. काम एकच, जिथं कुणी यायला तयार नाही तिथं खेळाडू आणायचे. गाव म्हणजे तीन भट्ट्या, एक नदी, तीही तपकिरी, आणि वाळत घातलेल्या चादरीवर रोज काळी पूड. फोन केला की खेळाडू आधी पगार विचारायचे, मग गाव विचारायचे, आणि मग नेमकी त्यांच्या फोनची रेंज जायची. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. याच्या गावची काही खपेना.

त्या वर्षी मालकानं सांगून टाकलं, "बास्केटखाली उभा राहील असा एक धड उंच माणूस आण. नाहीतर संघ दुसऱ्या शहरात हलवतो. तू बघ मग भट्टीत नोकरी."

साखऱ्यानं शोधला एक. इतका उंच, की सगळे त्याला जिराफच म्हणत. जिराफ तयार होता, अडलं होतं त्याच्या बायकोपाशी. पोटुशी होती पोर. म्हणाली, आधी घर बघू, शेजार बघू.

मग साखऱ्यानं स्वतःच्या बायकोला फोन लावला. ती दोन वर्षं दुसऱ्या शहरात, बहिणीकडे राहत होती. भांडण नव्हतं हो! लेकीला दम्यानं धरलं, डॉक्टर म्हणाले हलवा, तिनं हलवलं. हा मागं राहिला, संघाला कवटाळून.

"नवा खेळाडू बायकोला घेऊन घर बघायला येतोय, एक संध्याकाळ ये. घरात बाईमाणूस दिसलं की त्यांना धीर येईल."

"म्हणजे मी नटायचं आणि थापा मारायच्या?"

"थापांना मी आहे ना."

"हो, त्यात तुमचा हात कोण धरणार!" ती म्हणाली, आणि आली. नवऱ्यावर जीव होता, दुसरं काय.

खालचा मजला जिराफासाठी रिकामा ठेवला होता. खिडक्या घट्ट लावल्या, पडदे नवे टांगले. जेवणं झाल्यावर जिराफाची बायको ताटं पुसायला स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, खरं सांगा. इथली हवा लहान बाळाला मानवेल ना?"

साखऱ्या पाण्याचा जग घेऊन दारात उभा. थापांना मी आहे म्हणाला होता, आता जगमधलं पाणी बघत राहिला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. केस किती पिकलेत, शर्टाला मधलं बटणच नाही.

"सवय होते गं," ती म्हणाली. "आणि मी आहे की वरच्या मजल्यावर."

जिराफानं लगेच सही केली. दुसऱ्या दिवशी वहिनी बहिणीकडे परतल्या.

संघ जिंकायला लागला. मालक साखऱ्याच्या पाठीवर थापा मारू लागला. खालच्या मजल्यावरची पोर, जिराफाची बायको, मात्र जिना चढून विचारायची, "वहिनी कधी येणार?"

"येईल चार दिवसांत."

असले चार दिवस साखऱ्याकडे पोत्यानं होते. पुढं पोरीला खोकला लागला, थांबेचना. तिनं सरळ वहिनींना फोन केला. वहिनी रडल्या आणि सगळं सांगून बसल्या. पोर त्याच दिवशी बॅग घेऊन गावाबाहेर पडली.

जिराफ वर आला. "साहेब, मला सोडा. तिच्याजवळ जाऊ द्या."

"करार आहे रे."

"तुमची लेक तुम्ही बाहेर ठेवलीत ना?"

"मग? तुझी बायकोही सुटली. आता निवांत खेळ."

जिराफ जिना उतरून खाली गेला. खेळला मात्र. शेवटच्या सामन्याला हॉल तुडुंब भरला, आणि मालकानं माईकवर सांगितलं, संघ इथंच राहणार.

साखऱ्यानं कोपरा गाठून बायकोला फोन केला. "ऐकलंस? राहिला संघ!"

"बरं झालं." मग ती म्हणाली, "ती पोचली का हो? माझे फोन उचलत नाही. कुणाकडे आहे? बाळंतपणाला कोण आहे जवळ?"

जिराफाच्या बुटाचं माप, गुडघ्याचं दुखणं, झोपायला लागणारी जादा लांब गादी, सगळं साखऱ्याला तोंडपाठ. हे मात्र त्यानं विचारलंच नव्हतं.

"विचारून सांगतो," तो म्हणाला.

पलीकडं लेक मोठ्यानं धडा वाचत होती. तिला जरा दे, असं म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला होता.