उंदीर जेवले का?

झाशीत मराठी बोलायला मला दोनच ठिकाणं होती. घरी आई, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतले उंदीर. बाकी दिवसभर जी, भैया आणि हिंदी. उंदीर उलट उत्तर देत नसत, म्हणून कधीकधी मला आईपेक्षा तेच बरे वाटत. राग माझ्या नाकावर कायमचा.

ते उंदीर साधे नव्हते. अन्न पोटात गेलं की आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि अगदी हाडांनासुद्धा जेवण आल्याचा निरोप देतं. आमच्या निम्म्या उंदरांत हा निरोप घेणारं जनुकच बंद केलेलं होतं. चरबीचं खाणं कितीही घाला, ते सडपातळच राहत. मला त्यांचा हेवा वाटे. पुढे त्यांची हाडं यंत्राखाली दाबली की इतरांच्या आधी कडकन मोडत, तेव्हा हेवा पार पळून जाई.

सकाळी खाणं घालण्याआधी एकेकाचं वजन करायचं, हे माझं काम. पिंजरे पुष्कळ, माणूस मी एकटी. सगळं आटोपून इलाइट चौराह्यावरून लक्ष्मी गेटला घरी पोचेपर्यंत तीन वाजत.

तोवर आई जेवत नसे. घरातलं माणूस बाहेर असताना पानावर बसायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आई आधी वडिलांसाठी थांबे, ते गेल्यावर माझ्यासाठी. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी होत्याच. मी दारात चपला काढत असतानाच ती विचारी, "उंदीर जेवले का गं?"

"जेवले."

"मग आता आपण बसू. आज बहुत देर केली त्यांनी."

मी चिडून म्हणे, "तू जेवून घेत जा ना!" पण ते नुसतं म्हणण्यापुरतं. आपल्यासाठी कुणीतरी उपाशी थांबलंय, याचं मला आतून सुख होतं. म्हणून मी कधी हट्ट धरला नाही.

एका दुपारी दार ढकलून आत गेले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर. दोन ताटं मांडलेली. ती घसरली नव्हती, नुसती वळली होती, आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "माताजी का वज़न कितना है?"

मला सांगता येईना. उंदरांचं वजन मी ग्रॅमच्या दशांशापर्यंत लिहीत होते. आईला काट्यावर उभं करावं, हे इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"हड्डियाँ तो खोखली हैं," ते म्हणाले. "खाना समय पर खाती थीं?"

"तीन बजे," मी सांगितलं.

आईची हाडं माझ्या उशिरामुळे गेली, असं मी म्हटलं तेव्हा प्रयोगशाळेतल्या सरांनी समजावलं, की उंदीर ते उंदीर आणि माणूस ते माणूस, म्हातारपणी हाडं झिजायला वीस कारणं असतात. बरोबरच होतं त्यांचं. मीही विद्यार्थ्यांना हेच सांगत असे. तरी मला ते तेव्हा पटलं नाही, आणि अजूनही पटत नाही.

मग मी रोज बाराच्या ठोक्याला घरी येऊ लागले. आई अंथरुणावरून विचारी, "इतक्या लवकर? उंदीर जेवले?"

"जेवले," मी बिनदिक्कत खोटं सांगे. तिच्या तोंडात शेवटचा घास गेला की परत जाऊन त्यांना खायला घाली. नोंदी बिघडल्या, सर रागावले, तरी मी त्या बिघडू दिल्या. पण आईची भूकच मेली होती. चार घासांचे दोन झाले. ती पुन्हा उभी राहिली नाही. होळीच्या आधी गेली.

प्रयोग संपला, पिंजरेही रिकामे झाले. घरात मराठी शब्द ऐकू येत नाही. मला आता कुठे जायची घाई नसते, स्वयंपाक अकरालाच होऊन बसतो. तरी तीन वाजेपर्यंत माझ्या हातून ताट घेतलं जात नाही. यात काडीचं शहाणपण नाही, हे माझ्याइतकं या गावात कुणाला ठाऊक असणार? हाडांना निरोप उशिरा गेला तर जाऊ दे.